वॉलबॉक्स ७.४ चा, गाडी घेते ३.६: जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंगचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१२ सालची निसान लीफ सेकंडहँड घेतली. बॅटरी मुळात २४ किलोवॉट-तासांची, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत २४ युनिटांची; बॅटरीची उरलेली क्षमता दाखवणाऱ्या डॅशबोर्डवरच्या बारा बारीक रेघांपैकी आता नऊ उरल्यात. रिकामी गाडी भरायला पाच-साडेपाच तास लागायचे, म्हणून १६ अँपियरचा जुना पॉइंट काढून ३२ अँपियरचा, ७.४ किलोवॉटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरची चार्जिंगची पेटी, बसवला. बसवणारा म्हणाला होता, वेळ निम्म्यावर येईल. पाच मिनिटांचाही फरक पडला नाही. मग २२ किलोवॉटच्या सार्वजनिक पॉइंटवर लावून पाहिली, तिथेही तेच. तर गाडीतला चार्जर बिघडलाय का, आणि तो काढून मोठा बसवता येईल का?

बिघडलेला नाही. नऊ रेघांच्या लीफला पाच-साडेपाच तास हा अगदी रास्त वेळ आहे. उलट तीन तासांत भरली असती तर मला बॅटरीची काळजी वाटली असती. बदलण्याचं पुढे बोलू, आधी घोळ कुठे झाला ते बघू, कारण हा घोळ जुनी गाडी घेणाऱ्या जवळपास प्रत्येकाचा होतो.

भिंतीवर जी पेटी लावलीत, तिला सगळे चार्जर म्हणतात, विकणारेही म्हणतात. पण ती उघडली तर आत बॅटरी चार्ज करणारं काहीच सापडणार नाही. एक दणकट कॉन्टॅक्टर (म्हणजे विजेवर चालणारा मोठा स्विच), गळती पकडणारी सुरक्षा यंत्रणा आणि गाडीशी दोन शब्द बोलणारं छोटं सर्किट, इतकंच. घरातली वीज असते एसी, म्हणजे दिशा पालटत राहणारा प्रवाह; ती जशी येते तशीच ही पेटी पुढे सोडते. बॅटरीला लागतो डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह, आणि एसीचा डीसी करणारं यंत्र गाडीच्या पोटात बसलेलं आहे. खरा चार्जर तो, म्हणून त्याला ऑनबोर्ड चार्जर म्हणतात. तुमच्या गाडीत तो शोधायचा तर डिकी उघडा: मागच्या सीटच्या पाठीशी जो उंचवटा सामान ठेवताना आडवा येतो, त्याच्याखाली तो बसलाय. २०१३ च्या मॉडेलपासून निसानने तो पुढे बॉनेटखाली नेला आणि डिकी मोकळी झाली.

पेटी आणि गाडी काय बोलतात हे एकदा नीट समजलं की अर्धे गैरसमज संपतात. तुमच्या प्लगमध्ये पाच पिना आहेत. तीन जाड, त्यांतून वीज आणि अर्थिंग. दोन बारीक, त्या फक्त निरोपासाठी. प्लग मोकळा असताना पेटी निरोपाच्या एका पिनेवर १२ व्होल्ट ठेवून बसलेली असते. प्लग गाडीत खोचला की गाडीतल्या रेझिस्टरमुळे ते ९ वर उतरतात, आणि पेटीला कळतं की कुणीतरी आलं. मग त्याच तारेवर पेटी सेकंदाला हजार वेळा चालू-बंद होणारा सिग्नल सोडते. त्यातला ‘चालू’चा वाटा जितके टक्के, त्याला ०.६ ने गुणा, तितके अँपियर पेटी द्यायला तयार आहे. २७ टक्के म्हणजे १६ अँपियर, ५३ टक्के म्हणजे ३२. गाडीची तयारी झाली की ती आणखी एक रेझिस्टर जोडून व्होल्ट ६ वर आणते, आणि त्या क्षणी पेटीत ‘टक्’ असा आवाज होतो. तो कॉन्टॅक्टर. त्याआधी प्लगच्या जाड पिनांमध्ये वीज नसतेच, म्हणून पावसात प्लग लावतानाही धक्का बसत नाही.

यात कळीची गोष्ट ही की पेटी सांगते ती फक्त वरची मर्यादा. तुमची नवी पेटी म्हणते, ‘घे बाई, ३२ पर्यंत घे.’ गाडी म्हणते, ‘माझ्याच्याने १६ च होतात.’ आणि १६ घेते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथे आडात हवं तेवढं आहे, पोहराच लहान आहे.

तो लहान का, याचं उत्तर त्याच्या आत आहे. आलेला एसी आधी फिल्टरमधून जातो, मग एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर, मग पॉवर फॅक्टर सुधारणारा, म्हणजे वीज एकसारखी उचलली जाईल असं बघणारा टप्पा. तो व्होल्टेज ४०० च्या आसपास चढवून मोठ्या कपॅसिटरांमध्ये भरतो. तिथून पुन्हा त्या डीसीचे हजारो हर्ट्‌झने तुकडे करायचे, ते ट्रान्सफॉर्मरमधून न्यायचे म्हणजे घरची वीज आणि बॅटरी यांचा थेट संबंध राहत नाही, आणि शेवटी पुन्हा डीसी करून बॅटरीला द्यायचा. या सगळ्या उलाढालीत त्या काळच्या चार्जरमध्ये दहाएक टक्के वीज उष्णतेत जायची. तुमच्या गाडीत साधारण ३.७ किलोवॉट आत जातात, ३.३ बाहेर पडतात. मधले ४०० वॉट म्हणजे डिकीखाली रात्रभर चाललेला छोटा हीटरच. तो थंड ठेवायला पाणी, पंप, नळ्या आल्या. दुप्पट ताकदीचा चार्जर म्हणजे जास्त वजन, जास्त खर्च, जास्त उष्णता, आणि हे सगळं अशा गाडीत की जी रात्री दहा तास उभीच राहणार आहे. त्या वेळी इंजिनिअरांनी केलेला हिशोब चुकीचा नव्हता. (एकाच चार्जरला कुठे ३.३, कुठे ३.६ आणि कुठे ३.७ म्हटलेलं दिसतं ते यामुळेच. कुणी बाहेर पडणारी वीज मोजतं, कुणी आत जाणारी.)

त्या पिढीतल्या गाड्या बघा. २००९ ची मित्सुबिशी आय-मीव्ह, बॅटरी १६ युनिटांची, चार्जर ३.३ च्या आसपास. डिसेंबर २०१० मध्ये आलेली लीफ, ३.३. शेव्हर्ले व्होल्ट, ३.३. पुढे ६.६ चा आकडा रूढ झाला: २०१३ ची लीफ, फोर्ड फोकस इलेक्ट्रिक, फियाट ५००ई, किआ सोल. म्हणून ३.३ चा जमाना संपला असं मात्र नाही. २०२० मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटांची होती आणि ऑनबोर्ड चार्जर ३.३ चाच, ७.२ चा पर्याय २०२२ च्या मॅक्समध्ये मिळाला. तेव्हा गाडी ‘जुनी’ आहे का हे सालावरून ठरवू नका, स्पेसिफिकेशनमधली ती एक ओळ वाचा.

दोन गाड्या मात्र या रांगेत बसत नाहीत. २०१२ च्या टेस्ला मॉडेल एस मध्ये १० किलोवॉटचा चार्जर होता आणि मागच्या सीटखाली तसाच दुसरा बसवून घेता यायचा, मिळून २०. आणि दुसरी रेनॉ झोई, माझी आवडती विक्षिप्त गाडी. रेनॉने वेगळा चार्जर ठेवलाच नाही. मोटर चालवणारा इन्व्हर्टर आणि मोटरच्याच वाइंडिंग वापरून एसीचा डीसी करायचा, अशी युक्ती. गाडी उभी असताना ते यंत्र रिकामंच बसलेलं असतं ना! त्यातून सुरुवातीच्या झोईने एसीवर ४३ किलोवॉटपर्यंत मजल मारली, तीही २२ युनिटांच्या बॅटरीत; पुढच्या आवृत्तीत ते २२ वर आणलं. पण फुकट काही मिळत नाही. अलग करणारा ट्रान्सफॉर्मर नसल्यामुळे ही गाडी अर्थिंगच्या बाबतीत भलती चिकित्सक आहे. जिथे बाकीच्या गाड्या मुकाट चार्ज होतात तिथे झोई नकार देऊन बसते आणि लोक गाडीला शिव्या घालतात, दोष असतो अर्थिंगचा. शिवाय साध्या सॉकेटवर, कमी अँपियरवर लावली तर ती बरीच वीज वाया घालवते. मोठा पोहरा चमचाभर पाण्यासाठी आडात सोडल्यासारखं.

आता तुमचा २२ किलोवॉटचा पॉइंट. तो आकडा तीन फेज मिळून आहे: प्रत्येक फेजवर ३२ अँपियर, २३० व्होल्ट, म्हणजे फेजमागे ७.४, तिनांचे २२. तुमच्या गाडीच्या प्लगला फेजची पिनच एक आहे. उरलेले दोन फेज तुमच्यासाठी नाहीतच. जो एक मिळतो त्यातूनही गाडी १६ अँपियरच उचलते. म्हणून २२ च्या पाटीखाली उभं राहून ३.६.

याहून फसवा प्रकार ११ किलोवॉटच्या पॉइंटवर होतो आणि तो ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही. ११ म्हणजे फेजमागे १६ अँपियर. समजा तुमची गाडी सिंगल फेज ७.४ ची आहे, ३२ अँपियर घेऊ शकणारी. ती ११ च्या पॉइंटवर लावलीत तर तिला एक फेज मिळतो आणि त्यावर १६ च अँपियर, म्हणजे ३.७. तीच गाडी घरच्या ७.४ च्या साध्या सिंगल फेज पेटीवर दुप्पट वेगाने भरते. मोठ्या आकड्याच्या पॉइंटवर हळू, छोट्या आकड्याच्या पेटीवर वेगात. पाटीवरचे किलोवॉट वाचू नका. फेज किती आणि फेजमागे अँपियर किती, ते वाचा. बीएमडब्ल्यू आय३ घेणाऱ्यांनी तर हे पाठच करावं, कारण त्या गाडीत कुठे ३.७, कुठे ७.४ आणि नंतरच्या ३३ युनिटांच्या मॉडेलमध्ये थ्री फेज ११ असे वेगवेगळे चार्जर आले. बाहेरून बघून गाड्या सारख्याच.

या साखळीत केबलही एक कडी आहे, आणि ती कुणाच्या लक्षातच येत नाही. सुट्या केबलच्या प्लगमध्ये एक रेझिस्टर असतो. ६८० ओहम असेल तर केबल २० अँपियरची, २२० असेल तर ३२ ची. पॉइंट तो मोजतो आणि त्याहून जास्त देतच नाही. मागे एक गृहस्थ ६.६ ची गाडी घेऊन आले, ती ४.५ च्या वर जात नव्हती. दुसऱ्या एका वर्कशॉपने ऑनबोर्ड चार्जर बदलायला सांगितला होता, खर्चाचा कागदही हातात होता. मी आधी केबल मागितली. मागच्या मालकाने दिलेली, बऱ्यापैकी बारीक. निरोपाच्या पिनेपासून अर्थिंगच्या पिनेपर्यंत मल्टीमीटर लावला: ६७८. वीस अँपियर गुणिले २३० करा, ४.६ येतात. माझ्याकडची ३२ ची केबल लावली, दहा सेकंदांत ६.६. त्यांनी तो कागद माझ्यासमोरच फाडला.

तेव्हा वेग कमी वाटला तर गाडी उघडायच्या आधी बाहेरच्या गोष्टी पाहायच्या. गाडीचा मेनू बघा. आय३ मध्ये, ई-गोल्फमध्ये चार्जिंगचे अँपियर कमी करून ठेवण्याची सोय आहे, आणि मागच्या मालकाने ती वापरलेली असते. व्होल्टेज बघा. चार्जर अँपियरला बांधलेला असतो, त्यामुळे लांबच्या बारीक वायरवर २३० चे २०५ झाले तर १६ अँपियरचे ३.७ ऐवजी ३.३ च होतात. आणि तीन पिनांच्या साध्या सॉकेटवर लावत असाल तर सॉकेटला हात लावून बघा. एक गाडी रोज पहाटे अडीच-तीनला चार्जिंग सोडून द्यायची. मालकाला खात्री, चार्जर गेला. मी सॉकेटजवळ वाकलो तर सडक्या मासळीसारखा वास. तापलेल्या प्लास्टिकचा तसाच येतो. झाकण काढलं, न्यूट्रलचा स्क्रू अर्धा आटा ढिला, भोवतीचं प्लास्टिक बिस्किटासारखं तपकिरी. केबलच्या प्लगमधला तापमापक रोज त्या वेळेला पुरवठा तोडत होता आणि तेच त्याचं काम होतं. घरातलं दुसरं कुठलंही उपकरण सलग सात तास पूर्ण भाराने चालत नाही, म्हणून इतकी वर्षं तो ढिला स्क्रू कुणाला कळला नव्हता.

आता तुमचा खरा हिशोब. नव्या लीफमध्ये २४ पैकी वापरता येणारी साधारण २१ युनिटं. नऊ रेघा म्हणजे क्षमता सत्तर टक्क्यांच्या आसपास, म्हणजे आता पंधराएक युनिटं. ३.३ ने भागा, साडेचार तास. शेवटी सेल समतोल करताना गाडी वेग कमी करते, तो अर्धा-पाऊण तास धरा. आले पाच-सव्वापाच. नवी असताना हीच गाडी सात तास घ्यायची. म्हणजे बॅटरी म्हातारी झाली तशी गाडी ‘लवकर’ भरू लागली! सेकंडहँड गाडी विकताना ‘चार तासांत फुल्ल होते’ हे कुणी कौतुकाने सांगितलं तर कान टवकारा.

ऑनबोर्ड चार्जरचा वेग किलोवॉटमध्ये मोजण्यापेक्षा तासाला किती किलोमीटर भरतात असा मोजा. लहान गाडी किलोमीटरला १५० वॉट-तास खाते असं धरलं तर ३.३ म्हणजे तासाला २२ किलोमीटर, ६.६ म्हणजे ४४. रात्रीचे नऊ तास गुणिले २२, जवळजवळ दोनशे किलोमीटर. तुमची बॅटरी आता शंभर किलोमीटरच धरते. म्हणजे रात्रीच्या चार्जिंगसाठी ३.३ तुम्हाला कमी पडत नाहीच, दुप्पट उरतो. ६.६ असता तर गाडी रात्री दोन वाजता भरून पहाटेपर्यंत उभी राहिली असती, आणि पूर्ण भरलेली बॅटरी तासन्‌तास तशीच राहणं तिला मानवत नाही. फरक पडतो तो दिवसा. कामासाठी दीड तास कुठे थांबलात तर ३३ किलोमीटर मिळाले की ६६, यावर घरी पोचणं अवलंबून असू शकतं. मोठा ऑनबोर्ड चार्जर हवा की नको, याचा निकाल फक्त या दिवसाच्या दीड तासावर लावायचा.

हळू चार्जिंग बॅटरीला चांगलं म्हणून मुद्दाम सर्वांत कमी अँपियरवर गाडी लावणारेही भेटतात. ३.३ किलोवॉट म्हणजे २४ युनिटांच्या बॅटरीला सात तासांत भरण्याचा वेग आणि ६.६ म्हणजे साडेतीन तासांचा. दोन्ही सेलच्या दृष्टीने सावकाशच. त्याहून खाली उतरून बॅटरीचं भलं होत नाही, वीज मात्र वाया जाते. चार्जिंग चालू असताना गाडीचे कंट्रोलर जागे असतात, पंप फिरतो, १२ व्होल्टची बॅटरी भरली जाते. या किरकोळीला दोनशे-तीनशे वॉट सहज जातात, वेग कितीही असो. अमेरिकेतल्यासारख्या १२० व्होल्टवर १२ अँपियरने, म्हणजे १.४ किलोवॉटने भरलंत तर त्यातला पाचवा-सहावा हिस्सा ही किरकोळच खाते. ३.६ वर तेच नगण्य होतं.

आता डीसी, म्हणजे फास्ट चार्जिंग. इथे ऑनबोर्ड चार्जर बाजूला पडतो. एसीचा डीसी करणारं कपाट रस्त्याकडेला असतं आणि ते थेट बॅटरीला जोडलं जातं. लीफमध्ये नाकावरचं झाकण उघडलं की दोन तोंडं दिसतात: लहान एसीचं, मोठं चाडेमोचं (हा डीसी फास्ट चार्जिंगच्या प्लगचा जपानी प्रकार). मोठं नसेल तर तुमच्या गाडीला डीसी नाही, आणि ते मागाहून बसवणं म्हणजे नुसतं सॉकेट बसवणं नव्हे. कॉन्टॅक्टर, जाड केबल, बीएमएसशी (बॅटरीवर देखरेख करणाऱ्या कंट्रोलरशी) बोलणं, सगळंच नव्याने. त्या काळात कितीतरी गाड्यांत डीसी हा जादा पैशांचा पर्याय होता, आणि फियाट ५००ई सारख्या काहींत नव्हताच. म्हणून जुनी गाडी बघायला गेलात की आधी हे झाकण उघडा, टायर मागाहून बघा. चाडेमोचे पॉइंट अनेक देशांत कमी होत चाललेत आणि नव्या जागी बहुतेक ठिकाणी सीसीएस हा डीसी प्लगचा दुसरा प्रकार बसतो, तेव्हा तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर कुठलं तोंड उपलब्ध आहे हेही पाहून ठेवा.

डीसीच्या पाटीवरचे ५० किलोवॉट हाही असाच एक आकडा. जुने चाडेमो पॉइंट १२५ अँपियरचे. किलोवॉट म्हणजे अँपियर गुणिले व्होल्ट, आणि व्होल्ट ठरवते तुमची बॅटरी. लीफच्या पॅकमध्ये सेलच्या ९६ जोड्या एकापाठोपाठ आहेत. निम्म्याहून कमी भरलेला असताना पॅक ३६५ व्होल्टच्या आसपास. १२५ ने गुणा, ४५-४६ किलोवॉट. ५० दिसणारच नाहीत, नवी असतानाही दिसले नव्हते. शेजारच्या १५० किंवा ३५० किलोवॉटच्या कपाटावर गेलात तरी गाडी मागेल तितकेच अँपियर मिळतात.

आणि हा वेगही टिकत नाही. २४ युनिटांत ४५ किलोवॉट म्हणजे ७५ युनिटांच्या मोठ्या गाडीत १४० किलोवॉट ओतण्यासारखं. त्या सेलना हे जडच जातं. सेल भरत आला की त्याचं व्होल्टेज मर्यादेला टेकतं, आणि तिथून पुढे बीएमएस अँपियर कमी करत नेते. बॅटरी म्हातारी झाली की तिचा आतला रेझिस्टन्स वाढलेला असतो, त्यामुळे ती मर्यादा लवकर येते. नव्या गाडीत जो वेग निम्म्या बॅटरीपर्यंत टिकायचा तो आता तिसऱ्या हिश्शातच ओसरू लागतो. तुमच्या गाडीत ८० टक्क्यांच्या पुढे डीसीवर थांबण्यात अर्थ नाही. तिथून पुढे वेग झपाट्याने उतरत जातो, आणि मागे कुणीतरी रांगेत असतं.

लीफच्या पॅकला पाण्याने थंड करण्याची सोय नाही, पंखासुद्धा नाही. हायवेवर पळवली, लगेच फास्ट चार्ज, पुन्हा पळवली, पुन्हा चार्ज, असं केलं की तापमानाच्या रेघा चढत जातात आणि गाडी स्वतःच हात आखडता घेते. २०१८ च्या ४० युनिटांच्या लीफमध्ये हे इतकं जाणवलं की दुसऱ्या-तिसऱ्या चार्जला वेग निम्म्यावर यायचा आणि निसानला सॉफ्टवेअर बदलावं लागलं. थंडीत उलट्या कारणाने तेच. गार सेलमध्ये जोरात वीज कोंबली तर लिथियम आत मुरण्याऐवजी पृष्ठभागावर धातूरूपात साचतं आणि ते नुकसान भरून येत नाही. म्हणून गोठणबिंदूच्या जवळ गाडी अँपियर निम्म्याहून खाली आणते. हा बिघाड समजून वर्कशॉपला फोन करू नका. थोडी चालवून, पॅक जरा उबदार झाल्यावर लावा.

खराखुरा बिघाड कसा ओळखायचा, तेही सांगून ठेवतो. डीसीवर गाडी चार्ज होते, एसीवर दोन-तीन वेगवेगळ्या पॉइंटवर नाही, तर संशय ऑनबोर्ड चार्जरवर. दोन्हीकडे नाही, तर दोष बहुधा दुसरीकडे. प्लग लावल्यावर ‘टक्’ झालं आणि दोन-तीन सेकंदांत पुन्हा ‘टक्’ होऊन सुटलं, तर चार्जर चालू होण्याचा प्रयत्न करून माघार घेतोय. थ्री फेज चार्जर एकदम दोन-तृतीयांश वेगाने चालू लागला तर त्याचं एक मॉड्यूल किंवा तुमच्या घरचा एक फेज गेलाय. पण यातल्या कशालाही हात घालण्याआधी १२ व्होल्टची साधी बॅटरी तपासा. तीच सगळे कंट्रोलर आणि रिले चालवते. ती मरगळली की गाडी असे काही एरर दाखवते की माणसाला वाटावं सगळं हाय-व्होल्टेज जळालं. चार्ज न होणाऱ्या जुन्या गाडीत मी पहिला मल्टीमीटर तिलाच लावतो, आणि कितीदा तरी काम तिथेच संपतं.

चार्जरचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. गाडी बंद, प्लग काढलेला, तरी आतल्या कपॅसिटरांत ४०० व्होल्ट मागे राहू शकतात. नारिंगी केबल दिसली की तिथून पुढे ज्याच्याकडे त्या कामाचे हातमोजे आणि प्रशिक्षण आहे त्याचं काम.

मग ३.३ काढून ६.६ बसवायचा का? जमेल, पण चार स्क्रूचं काम नाही. २०१३ नंतरचा चार्जर मुळात वेगळ्या जागेसाठी बनलेला. सॉकेटपासून चार्जरपर्यंतची वायर दुप्पट अँपियरच्या लायकीची हवी, कूलंटच्या नळ्या वळवाव्या लागतात, आणि हे सगळं करून गाडीच्या कंट्रोलरने नवा चार्जर ओळखला नाही तर तो शोभेचा. हौशी मंडळी मूळ चार्जरच्या जोडीला दुसरा बसवतात, चांगले चालणारे नमुने मी पाहिलेत. पण त्यांना त्या कामातच रस असतो. सत्तर टक्क्यांवर आलेल्या बॅटरीच्या गाडीत हा खर्च मी स्वतः करणार नाही. तो पैसा पुढे पॅक बदलायची वेळ येईल तेव्हा उपयोगी पडेल.

नवा वॉलबॉक्स वाया गेला असंही समजू नका. त्याला स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र सुरक्षा आहे, ३२ अँपियरची वायर १६ वर गार राहते, आणि पुढची गाडी ७.४ ची आली तर पेटी तयारच आहे.

एकच खात्री करून घ्या. आज रात्री गाडी २० टक्क्यांच्या आसपास असताना लावा, घरातलं बाकीचं जड काही चालू ठेवू नका, आणि विजेच्या मीटरवरचा आकडा लिहून बरोबर एका तासाने पुन्हा बघा. साडेतीन ते पावणेचार युनिटं पडली असतील तर चार्जर पूर्ण ताकदीने चालतोय. तीनच्या खाली असतील तर आधी व्होल्टेज आणि केबल बघा, आणि मग तो आकडा मला कळवा.